एकाच मोठ्या कामापुरते पैसे आहेत, नाट्यगृहात सुरुवात कुठून करू?

पडद्यामागची

नमस्कार मंडळी. सहाशे खुर्च्यांच्या एका नाट्यगृहाचं व्यवस्थापन गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. विश्वस्तांनी पर्यावरणाचा आराखडा मागितलाय. बैठकीत तीन सूचना आल्या: छतावर सौर पॅनेल, स्टेजवरचे सगळे दिवे एलईडी आणि छापील तिकिटं बंद. तिन्हींना माझी हरकत नाही, पण पैसे एकाच मोठ्या कामाला पुरतील.

मला स्वतःला खुपतंय ते वेगळंच. मागच्या आठवड्यात एका नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला आणि रात्री दीडला मागच्या दाराशी ट्रक लागला. जिना, खिडकीची चौकट, सहा फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींचे सुटे भाग), सगळं पहारीनं उचकटून आत फेकलं. जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्यांचा रंग कलाकारांच्या पायांनी नुकता कुठे झिजायला लागला होता. खालचं प्लाय अजून कोरं करकरीत. मी तिथे उभी राहून बघत होते आणि थांबवायला माझ्याकडे काही पर्याय नव्हता, कारण ठेवायचं कुठे?

तर प्रश्न असा: ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, पहिला हात कशाला घालू?

---

प्रकाशपेटी

ताई, तिकिटांच्या कागदाचा विषय आजच निकाली काढा. बंद करा आणि पुढे चला. त्यावर बैठकीचा अर्धा तास जातो आणि मीटर तसूभर हलत नाही.

मी चोवीस वर्षं दिव्यांवर काम करतोय, त्यामुळे मी एलईडीच म्हणेन असं तुम्हाला वाटेल. पण पहिला पैसा दिव्यांवर घालू नका. पहिलं काम फुकटचं आहे. प्रयोग नसलेल्या एका रात्री नाट्यगृहात थांबा आणि दर तासाला मीटर वाचून वहीत टिपा.

मी हे एकदा केलं होतं. इमारतीत मी आणि पहारेकरी, दोघंच. रात्री दोन वाजता मीटर थांबलेला असेल या समजुतीत होतो, तर आकडे पळत होते. मग आवाजाच्या मागावर फिरलो. डिमर रूममध्ये, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं असतात तिथे, रॅकचे पंखे घरघरत होते. साउंडच्या खोलीत सगळे अँप्लिफायर चालू, हिरवे दिवे लागलेले. मेकअप रूममध्ये आरशांभोवतीचे बल्ब तसेच. स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट फॅन कुणी कधी बंदच केले नव्हते, त्यांचं बटण कुठे आहे हेसुद्धा पहारेकऱ्याला ठाऊक नव्हतं. बटण सापडलं ते फॉल्स सीलिंगच्या वर.

आता हिशेब मांडून बघा. समजा ५७५ वॉटचे ४० हॅलोजन आहेत. सगळे पूर्ण लावले तर २३ किलोवॉट. पण नाटकात सगळे एकदम पूर्ण कधीच नसतात. सरासरी चाळीस टक्के भार आणि अडीच तासांचा प्रयोग धरला तर २३ युनिट. रिकाम्या इमारतीचा भार नुसता ८ किलोवॉट असला, तरी उरलेल्या एकवीस तासांत १६८ युनिट जातात. तुमचे आकडे वेगळे येतील, पण प्रयोगाच्या तीन तासांपेक्षा बाकीच्या एकवीस तासांकडे आधी बघा एवढंच माझं सांगणं. तिथे टायमर, एक मास्टर स्विच आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात एक यादी, इतकं पुरतं.

दुसरी गोष्ट कामाच्या उजेडाची. नेपथ्य लावताना, झाडू मारताना, तालमीत नुसत्या हालचाली बसवताना स्टेजचे हॅलोजन लावून ठेवायची सवय सगळीकडे असते. एका एका किलोवॉटचे दिवे, आणि त्यांच्याखाली दोन माणसं खिळे ठोकतायत. साधे एलईडी वर्क लाइट बसवा, त्यांचं बटण विंगेत हाताशी द्या, आणि तालमीत दिव्यांचा कन्सोल कुणी उघडणार नाही हा नियम करा.

मग एलईडी. हॅलोजन घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज लागते. म्हणजे बचत दोन्हीकडून होते. वर रंगासाठी जेल, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत प्लास्टिकचा कागद, लागत नाही. जळून पांढऱ्या पडलेल्या जेलच्या चिंध्या मी पोतंभर टाकल्या असतील, त्या प्लास्टिकचं पुढे काही होत नाही.

पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, एलईडीला डिमरची लाइन चालत नाही, थेट वीज आणि कन्सोलचे हुकूम दिव्यापर्यंत नेणारी वेगळी डीएमएक्स केबल लागते. एका ठिकाणी घाईत डिमरवर जोडलेल्या दोन दिव्यांचे पॉवर सप्लाय पहिल्या तालमीतच गेलेले मी पाहिलेत. वायरिंगचा खर्च धरूनच निर्णय घ्या. दोन, हॅलोजन मंदावतो तेव्हा उबदार तांबूस होत जातो. कंदिलाच्या प्रसंगात तेच हवं असतं. स्वस्त एलईडी शेवटच्या पाच टक्क्यांत अडखळत विझतो. शांत प्रवेशात तो धक्का शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. म्हणून डेमो घेताना दिवा पूर्ण लावून बघू नका, दहा सेकंदांत शून्यावर आणून बघा. तीन, त्याच्या पंख्याचा आवाज ऐका, तोही रिकाम्या हॉलमध्ये.

जुने डिस्चार्ज लँपचे मूव्हिंग हेड, म्हणजे स्वतः फिरणारे दिवे, असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा. त्यांचा लँप इलेक्ट्रिकली मंद होत नाही, पुढे फक्त झडप पडते. स्टेजवर काळोख असतानाही आत तो जळतच असतो.

---

थंड_हवा

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी एसीवाला, म्हणून तेवढंच बोलतो.

बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. सहाशे माणसं म्हणजे ६० किलोवॉट, सुमारे १७ टन एसी नुसता प्रेक्षकांसाठी. म्हणजे निम्मा हॉल रिकामा असताना तेवढीच थंडी ओतण्यात अर्थ नाही. तरी बहुतेक ठिकाणी ब्लोअर एकाच वेगानं चालतो, दोनशे प्रेक्षक असोत की सहाशे.

ब्लोअरला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, बसवा. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनानुसार बदलते. त्याला रिटर्न डक्टमधला (हॉलमधली हवा परत नेणाऱ्या नळीतला) कार्बन डायऑक्साइड सेन्सर जोडा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतं. हॉलमध्ये हजाराच्या खाली राहिलं तर ताजी हवा पुरेशी आहे असं समजा. माणसं कमी असतील तर पंखा आपोआप हळू होतो. आवाजही कमी, नाटकवाले खूश.

आणि एसीमधला गॅस. गळती झाली की नुसता गॅस भरून घेऊ नका, गळती शोधा. आर-४१०ए हा गॅस हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट पृथ्वीला तापवतो. एक किलो गळाला म्हणजे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. वर्षभर दिवे विझवून जे कमावलं ते पाइपच्या जोडावरच्या एका सैल फ्लेअर नटमधून जातं. सर्व्हिसवाल्याकडून प्रत्येक भेटीत किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. हा आकडा बहुतेकांच्या आराखड्यात नसतोच, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

ज्यांना नवी इमारत बांधायचीय त्यांच्यासाठी: सिडनीचं ऑपेरा हाउस १९७३ साली उघडलं तेव्हापासून शेजारच्या बंदराच्या पाण्यावर थंड होतं. जागा काय देते ते आधी बघावं, यंत्र नंतर निवडावं.

---

सुतारपक्षी

ट्रकचा प्रसंग वाचून गलबलून आलं. मी नेपथ्य बांधतो. माझे किती जिने असे गेले.

ब्रिटनमधून २०२१ साली थिएटर ग्रीन बुक निघालं, नाटक पर्यावरणाला सांभाळून कसं करावं याची मार्गदर्शिका. त्या आवृत्तीतली पहिली पायरी अशी होती: नाटकासाठी वापरलेल्या सामानापैकी किमान ५० टक्के आधी कुठेतरी वापरलेलं असावं, आणि प्रयोग संपल्यावर किमान ६५ टक्के पुढे कुठेतरी वापरलं जावं. हे दोन आकडे मला फार आवडतात, कारण ते पहिल्या बैठकीत विचारता येतात. उतरवायच्या रात्री विचारून उपयोग नसतो.

खरी मेख जोडणीत आहे. डिंक आणि खिळ्यांनी ठोकलेला फ्लॅट सुटतच नाही, तो फुटतो. स्क्रू आणि बोल्ट वापरले, चौकट प्लायच्या आठ बाय चार फुटी मापातच ठेवली, तर तोच फ्लॅट पुढच्या नाटकात भिंत होतो आणि त्याच्या पुढच्यात दार. वेळ थोडा जास्त लागतो हे खरं. उतरवताना तो परत मिळतो.

आता तुमच्या हातात काय आहे? नाट्यगृहानं स्वतःचा साठा ठेवावा. वीस फ्लॅट, सात-आठ लेव्हल (स्टेजवर उंचीसाठी ठेवायचे चौथरे), दोन जिने, काळे पडदे. प्रत्येकावर मागच्या बाजूला माप आणि क्रमांक रंगवा, फोटो काढा, आणि बुकिंग करतानाच ती यादी दिग्दर्शकाच्या हातात द्या. नेपथ्याचं रेखाटन झाल्यावर दिली तर कुणी बघत नाही. अग्निरोधक लेप कधी दिला त्याची तारीख तिथेच लिहा, पुन्हा रंगवताना लागते.

जागा नाही म्हणालात. स्टेजखाली काय पडलंय ते एकदा रिकामं करून बघाल?

---

पडद्यामागची

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकाशपेटीदादा, शनिवारी रात्री थांबले. आमच्याकडे डिमरपेक्षा मोठा चोर निघाला तो गच्चीवरचा पंप: टाकी भरली की तो बंदच होत नव्हता, जास्तीचं पाणी पन्हाळ्यातून खाली. फ्लोट स्विच अडकलेला. किती महिने चाललं असेल देवाला ठाऊक.

स्टेजखाली मोडक्या खुर्च्यांचे तीन ढीग, जुने स्पीकर आणि एक अख्खं लाकडी सिंहासन आहे. रविवारपासून उपसायला घेतोय. विश्वस्तांना व्हीएफडी आणि सेन्सरचा प्रस्ताव देते, एलईडी पुढच्या वर्षी.

एकच राहिलं. प्रेक्षक येतात-जातात त्याचं काय करायचं?

---

प्रकाशपेटी

त्या प्रवासाचं प्रदूषण बहुतेक वेळा इमारतीपेक्षा जास्तच भरतं, आणि ते आपल्या हातात सगळ्यात कमी. तरी शेवटच्या बसची वेळ काढा आणि प्रयोग तिच्या अर्धा तास आधी संपेल अशी सुरुवात ठेवा. ती वेळ तिकिटावरच छापा, म्हणजे मोबाइलवरच्या. सायकली उजेडात लावता येतील अशी जागा पुढच्या दाराशी द्या, मागे अंधारात नको.

त्या सिंहासनाचा फोटो टाका. उंची किती आहे?