मदत हवी आहे: १८४५च्या लंडनमधला फ्रॉक कोट, हात वर केला की सगळा कोट वर येतो

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी संस्थेचं नाटक १८४५ सालच्या लंडनमध्ये घडतं. नायक वकिलाच्या कचेरीत कारकून आहे. त्याला फ्रॉक कोट हवा, म्हणजे कंबरेला बेताचा आणि खाली गुडघ्यापर्यंत घेर असलेला कोट. कपडेपट माझ्याकडे आहे आणि प्रयोगाला पाच आठवडे उरलेत.

नेहमीच्या ब्लेझरच्या बेतावरून मांजरपाटाचा नमुना शिवला. ट्रायलला नायकाने टोपी काढायला हात वर केला, तर कंबरेची शिवण बरगड्यांपर्यंत चढली. अख्खा प्रवेश तो कोट खाली ओढत होता.

एक चूक माझी मलाच सापडली. कंबरेवर मी गोल शिवण घेतली होती, मुलींच्या फ्रॉकला घेतो तशी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या काळातले कोट मागून बघितले तेव्हा कळलं, पाठीचे दोन्ही भाग मानेपासून थेट खालच्या काठापर्यंत अखंड असतात. कंबरेची शिवण पुढून निघते आणि पाठीच्या भागाला मिळते तिथेच थांबते. त्या जागी दोन बटणं, बटणांखाली चुण्या, चुण्यांत लपलेला खिसा. इतकी देखणी पाठ आजच्या कुठल्याच कोटाला नाही! ही शिवण आली १८२०च्या सुमारास. त्याआधी पुढचा भाग आणि खालचा घेर एकाच तुकड्यात बेतत, त्यामुळे कंबरेला कापड हवं तसं आवळता येत नसे.

कॉलर आणि लॅपल (छातीवर बाहेर वळवलेली पट्टी) जुळतात तिथली 'एम' अक्षरासारखी खाच मात्र जमली. तीनदा उसवली, पण जमली.

अडलंय दोन ठिकाणी. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, मोठा करू का? आणि कापड कुठलं घेऊ? त्या काळचं ब्रॉडक्लॉथ म्हणजे विणल्यावर ओलं करून कुटलेली, आटवलेली लोकर. वीण दिसेनाशी होते आणि कातरलेल्या काठाचे धागे सुटत नाहीत, म्हणून कित्येक कोटांचे काठ न दुमडता तसेच ठेवलेले दिसतात. इथे दुकानात ब्रॉडक्लॉथ मागितलं तर शर्टाचं सुती कापड पुढे येतं. सुटिंग आणून बघितलं, त्याचे धागे लगेच सुटले.

प्रतिसाद:
ताई, मुंढा मोठा करू नका, उलट लहान करा आणि काखेत वर घ्या. मुंढा खाली असला की हाताबरोबर कोटाची बाजूही उचलली जाते. त्या काळचे कोट बघा, मुंढा अगदी काखेला भिडलेला असतो. खांद्याची शिवणही आजच्यासारखी माथ्यावर नसते, ती मागे पाठीकडे उतरते. पाठ अरुंद, आणि बाही दोन भागांची, कोपरात वळलेली. शिवण किती मागे न्यायची ते मांजरपाट अंगावर चढवूनच ठरवा, कागदावर नको.

छाती बसकी दिसत असेल तर कॅनव्हास (आकार धरायला आत घालतात ते जाड कापड) आणि अस्तराच्या मध्ये कापसाचा पातळ थर द्या. काठाकडे तो विरळ करत न्या, नाहीतर बाहेरून कड उमटते. लॅपलचा कॅनव्हास हातावर वळवून धरा आणि तसाच बारीक हातटाक्यांनी बसवा. मशीन मारलंत तर लॅपल पाटीसारखी ताठ राहील. तेव्हाचे शिंपी हातानेच शिवायचे, शिलाई मशीन त्यांच्या धंद्यात १८५०नंतर रुळलं.

कापडासाठी ओव्हरकोटचं मेल्टन विचारा, त्यातलं सगळ्यात पातळ. तीही कुटलेली लोकरच. घेण्याआधी कोपरा कातरून नखाने ओढून बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार दादा. मी बरोबर उलटं करायला निघाले होते. उद्याच नवा मांजरपाट बेतते, मुंढा वर घेऊन. एकच विचारायचं राहिलं: मुंढा लहान झाल्यावर बाहीच्या माथ्याला सैल किती ठेवू? १८३०च्या आधीच्या कोटांना तिथे चुण्या दिसतात, पण आमच्या कारकुनाला त्या जुन्या वाटतील.