'रेडिओलिसिस'ला काय म्हणावं: किरणोत्सारी विघटन, विकिरण-अपघटन की आणखी काही?

प्रश्न

अणुभट्टीतल्या पाण्यावरचा एक लेख मराठीत करतेय. 'रेडिओलिसिस'साठी, म्हणजे भट्टीतल्या किरणांमुळे पाण्याचे रेणू मोडतात त्यासाठी, मी 'किरणोत्सारी विघटन' लिहिलंय, पण वाचताना खटकतंय. दुसरा नेमका शब्द आहे का? शिवाय पाण्यात मुद्दाम मिसळलेली रसायनंही मोडतात, त्यांनाही तोच शब्द चालेल का?

प्रतिसाद १

विकिरण-अपघटन. सरळ आहे, कुणालाही कळेल.

प्रतिसाद २

'अपघटन' पटलं. 'विकिरण'पेक्षा मात्र 'प्रारण' घ्या. उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण आपण शाळेतच शिकलोय. उष्णताच डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून पहिल्या उल्लेखात 'आयनकारी प्रारण' (अणू-रेणूतून इलेक्ट्रॉन उडवणारं प्रारण) लिहा, पुढे नुसतं 'प्रारण-अपघटन' पुरे. विजेने होतं ते विद्युत अपघटन, प्रारणाने होतं ते प्रारण-अपघटन.

'किरणोत्सारी विघटन' मात्र काढाच. किरणोत्सारी म्हणजे जे स्वतः किरण बाहेर टाकतं ते. त्यामुळे त्या शब्दांचा अर्थ अणुकेंद्राचा ऱ्हास असा होतो. इथे अणुकेंद्राला धक्का लागत नाही, रेणूतले बंध तुटतात. हा भेद पाळायलाच हवा, कारण भट्टीच्या पाण्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडतात. वेगवान न्यूट्रॉनमुळे ऑक्सिजन-16 चा नायट्रोजन-16 होतो आणि तो साधारण 7 सेकंदांत निम्मा उरतो. हे खरं किरणोत्सारी विघटन. दोन्हींना एकच शब्द वापरला तर लेख वाचणाऱ्याची फसगत होईल.

'विद्युत अपघटना'शी साम्य शब्दापुरतंच आहे, हेही लेखात यावं. तिथे एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन असं नीटस चित्र असतं. इथे गॅमा किरण पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि क्षणात हायड्रॉक्सिल मूलक (पाण्याच्या रेणूचा OH हा चटकन अभिक्रिया करणारा तुकडा), हायड्रोजनचे सुटे अणू, पाण्याच्या रेणूंनी वेढलेले इलेक्ट्रॉन, थोडा हायड्रोजन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असं सगळं एकाच जागी तयार होतं. शोषल्या गेलेल्या दर 100 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) ऊर्जेमागे पाण्याचे साधारण 4 रेणू मोडतात. ऑक्सिजन वायू येतो तो मागाहून, मुख्यतः पेरॉक्साइडमधून.

प्रश्नकर्ती

मग इतकं पाणी मोडत असेल तर भट्टीत वायू साठत कसा नाही?

प्रतिसाद २

कारण मोडलेलं पुन्हा जुळतं. यासाठी 'पुनःसंयोग' हा शब्द लेखात हवाच, नुसत्या 'अपघटना'ने अर्धीच गोष्ट सांगितली जाते. हायड्रॉक्सिल मूलक हायड्रोजनच्या रेणूला भिडला की पाणी बनतं आणि हायड्रोजनचा एक अणू सुटतो. तो अणू पेरॉक्साइडला भिडला की पुन्हा पाणी आणि पुन्हा हायड्रॉक्सिल. ही साखळी चालू राहावी म्हणून दाबित पाण्याच्या भट्टीत (जिथे पाणी दाबाखाली ठेवून उकळू देत नाहीत) मुद्दाम हायड्रोजन विरघळवून ठेवतात, दर किलो पाण्यात साधारण 25 ते 50 घन सेंटिमीटर. मला या सगळ्या रसायनशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

तारापूरच्या 1969 मध्ये सुरू झालेल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. अशा भट्टीत हायड्रोजन वाफेबरोबर निघून जातो, साखळी तुटते आणि मागे पेरॉक्साइड व ऑक्सिजन उरतात. स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांना वेल्डजवळ भेगा पडतात, त्यात या उरलेल्या ऑक्सिजनचा मोठा हात असतो.

पुनःसंयोगाचा हिशेब चुकला की काय होतं, ते 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडला दिसलं. अपघातानंतर भट्टीच्या पात्रात हायड्रोजनचा मोठा बुडबुडा साठला होता. तो आला होता इंधनाच्या आवरणातला तापलेला झिर्कोनियम धातू आणि वाफ यांच्या अभिक्रियेतून. पण पाण्याच्या प्रारण-अपघटनातून त्यात ऑक्सिजन मिसळेल आणि स्फोट होईल, अशी भीती पसरली आणि लोक दिवसेंदिवस धास्तावलेले राहिले. प्रत्यक्षात दाबाखाली विरघळलेला एवढा हायड्रोजन असताना ऑक्सिजन साठणं शक्यच नव्हतं.

प्रतिसाद ३

मिसळलेल्या रसायनांबद्दल: कुडनकुलमच्या भट्ट्यांत हायड्रोजन बाहेरून सोडण्याऐवजी अमोनिया घालतात. प्रारणाने तो मोडून नायट्रोजन आणि हायड्रोजन देतो. म्हणजे तिथे अपघटन हवंच असतं. ऑक्सिजन काढायला वापरतात ते हायड्राझिनही असंच मोडतं. दोन्हींना 'प्रारण-अपघटन' चालेल.

प्रश्नकर्ती

आभार. वाक्य असं करते: "आयनकारी प्रारणामुळे पाणी, अमोनिया, हायड्राझिन आणि बोरिक आम्ल यांचं अपघटन होतं, विरघळलेल्या हायड्रोजनमुळे पाण्याच्या तुकड्यांचा पुनःसंयोग होतो." चालेल?

प्रतिसाद २

बोरिक आम्ल या यादीतून काढा. त्यातला बोरॉन-10 (बोरॉनचा एक प्रकार) न्यूट्रॉन गिळतो आणि त्याचं लिथियम व अल्फा कण होतात, म्हणजे ती अणुकेंद्रीय अभिक्रिया झाली. त्या अल्फा कणाच्या वाटेवर पाणी मात्र दाटीने मोडतं, मूलकं एकमेकांना जवळच सापडतात आणि हायड्रोजन व पेरॉक्साइड जास्त बनतात. त्यासाठी वेगळं वाक्य करा. 'तुकडे'ऐवजी 'घटक' लिहा. बाकी वाक्य छान आहे.