नेटवर्कच्या नकाशात ‘सेगमेंट’ला काय लिहायचं?

पॅचपॅनल :
मंडळी, एक शब्द अडलाय. मी सोलापुरात नेटवर्किंगची कामं घेतो, केबलिंग, स्विच (कंप्यूटरच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी), कॅमेरे वगैरे, जास्त करून अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने. काम झालं की रॅकच्या, म्हणजे स्विच ठेवायच्या कपाटाच्या, दाराला आतून एक नकाशा चिकटवून देतो आणि तो मराठीतच करायचा हा माझा हट्ट, कारण रात्री लाइट जाऊन आली की रॅकपाशी जाणारा मी नसतो, तिथला सुपरवायझर नाहीतर स्टोअरचे काका असतात. स्विचला स्विच, केबलला केबल, त्यात कुणाची तक्रार नाही. पण सेगमेंटला, म्हणजे नेटवर्कच्या एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या एकेका भागाला, काय म्हणायचं?

मागं एका ठिकाणी मी ‘विभाग १, विभाग २, विभाग ३’ लिहून आलो. माझ्या डोक्यात विभाग २ म्हणजे व्हीलॅन २० (स्विचच्या सेटिंगमध्ये पाडलेला वेगळा भाग), ऑफिसचे कंप्यूटर आणि बिलाचा प्रिंटर. त्यांच्याकडं विभाग २ म्हणजे शिलाई, मस्टरवर तसंच लिहिलेलं. शिलाईतल्या अंगठ्याच्या मशीनची केबल उंदरानं कुरतडली, काकांनी नवी ओढली आणि नकाशा बघून बरोब्बर ‘विभाग २’च्या पोर्टात घातली. हिरवी लाइट लागली म्हणून सगळे खूश. मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, फिक्स, दुसऱ्याच रेंजचा, त्यामुळं दोन दिवस शिलाईच्या बायकांची हजेरी ऑफिसात दिसेचना, आणि शनिवारी पगार. हजेरी मशीनमध्येच साठून राहिली होती म्हणून निभावलं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. काकांची चूक शून्य हो, शब्दच माझा चुकला.

रेषाखंड :
सरळ ‘खंड’ लिहा की. शाळेत लाइन सेगमेंटला रेषाखंड म्हणूनच शिकलो आपण सगळे. मराठी शब्द तयार असताना सेगमेंट कशाला मिरवायचा?

कडकभाकरी :
खंड अजिबात नको. पावसानं खंड दिला, सेवेत खंड पडला, वीजपुरवठा खंडित, रोजच्या बोलण्यात खंड म्हणजे तुटणं. नकाशात वायरीच्या शेजारी ‘खंड ३’ लिहिलंत तर सुपरवायझर बॅटरी घेऊन तुटलेली वायर शोधत बसेल. शिवाय आमच्याकडं अजून खंडानं रान देतात, वर्षाची रक्कम ठरवून, म्हणजे खंड म्हटलं की पहिला प्रश्न ‘कितीला?’ रेषाखंड चालून जातो कारण मागं रेषा जोडलेली आहे, एकटा खंड कागदावर उभा केला की ज्याला जो अर्थ सुचेल तो.

जुना कोॲक्स :
कडकभाकरी बरोबर बोलले, पण गंमत अशी की एके काळी खंड हाच शब्द चपखल बसला असता. आम्ही टेन बेस टूची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या नेटवर्कची, काळी कोॲक्स केबल ओढायचो. एक सेगमेंट म्हणजे खरोखरच एक अखंड वायर, जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोडण्या, दोन्ही टोकाला वायर बंद करणारा ५० ओहमचा टर्मिनेटर. कुणी खुर्ची सरकवताना केबलचा टी-कनेक्टर हलवला की सगळी रांग गार, मग एकेका टेबलाखाली वाकून बघायचं. तेव्हा नकाशात रेघेवर ‘सेगमेंट १’ लिहिणं बरोबर होतं, कारण रेघ हाच सेगमेंट. आता सेगमेंट स्विचच्या सेटिंगमध्ये ठरतो, म्हणून रेघ वेगळी आणि सेगमेंट वेगळा, तरी सवयीनं नाव रेघेवरच लिहितात लोक. शब्दाआधी ते मोडा असं माझं मत.

ऊसवाला :
मी सुचवतो ‘वाफा’. हसू नका, आधी ऐका. वाफ्यात सोडलेलं पाणी त्या वाफ्यात सगळीकडं पसरतं पण वरंबा ओलांडून शेजारी जात नाही, ब्रॉडकास्टचं अगदी हेच आहे, एकानं ओरडून विचारलं ‘अमुक आयपी कुणाचा?’ तर ते त्याच व्हीलॅनमधल्या सगळ्यांना ऐकू जातं, बाहेर नाही. शेजारच्या वाफ्यात पाणी न्यायचं तर दारं मोडावं लागतं. दारं धरणारा गडी म्हणजे राउटर. आणि कुठलं दारं काय वाट्टेल ते झालं तरी मोडायचं नाही हे ज्याला बजावून ठेवलंय तो फायरवॉल. घरच्यांना माझी नोकरी मी अशीच समजावली होती, आबांना पाच मिनिटात कळली.

पॅचपॅनल :
ऊसवाले, मानलं! शिकवायला हाच वापरणार. पण कारखान्याच्या रॅकवर ‘वाफा २’ लिहिलं तर मालक म्हणतील ह्याला टॉवेलचं काम दिलंय का भेंडीचं.

आणि ‘उपजाल’ चालेल का? कुठंतरी वाचलाय.

जुना कोॲक्स :
उपजाल म्हणजे सबनेट, पत्त्यांचा गट. व्हीलॅन म्हणजे स्विचवर पाडलेला वाटा. साधारण एका व्हीलॅनला एक सबनेट देतात म्हणून दोन्ही एकच वाटतात, पण एका व्हीलॅनमध्ये दोन सबनेट घुसवलेले महाभाग मी पाहिलेत. शिवाय टीसीपी, म्हणजे डेटा पोचवण्याची पद्धत, डेटाचे जे तुकडे करतं त्यांनाही सेगमेंटच म्हणतात. एवढ्या जणांचं एकच नाव असल्यावर मराठी शब्द कुणाकुणाला पुरवणार?

फडताळ :
मी ड्रॉइंग करते, नेटवर्कची नाही, बिल्डिंगची, म्हणून बाहेरून सांगते. प्लॅनमध्ये आम्ही खोलीवर ‘खोली’ असं लिहितो का? ‘स्वयंपाकघर’ लिहितो. मग ‘सेगमेंट’ हा शब्द नकाशात हवाच कशाला? त्याच्या जागी आत कोण राहतं ते लिहा. साखर पेठ, पाच्छा पेठ, जोडभावी पेठ, नुसतं ‘पेठ ३’ असतं तर रिक्षावाल्यानं कुठं सोडलं असतं? नाव नकाशातल्या डब्याच्या आत वरच्या कोपऱ्यात, सगळ्या डब्यात एकाच जागी. आणि ज्याला जुना कोॲक्स काका रेघ म्हणतात तिच्यावर फक्त रेघेबद्दलच लिहायचं.

जुना कोॲक्स :
ताई, तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होतात. दोन स्विच जोडणाऱ्या सामाईक वायरीवरून, म्हणजे ट्रंकवरून, तिन्ही व्हीलॅन जातात, तिच्यावर ‘ऑफिस’ लिहून ठेवलेलं बघितलंय मी, आणि मग कुणीतरी ऑफिसचीच वायर आहे म्हणून उपटली की कॅमेरेपण बंद. तिथं ‘ट्रंक : १०, २०, ३०’ एवढंच पाहिजे.

रेषाखंड :
म्हणजे मराठी शब्द मिळालाच नाही शेवटी.

कडकभाकरी :
मिळाले की, ऑफिस, शिलाई, कॅमेरे. हां, त्यातला ऑफिस सोडा 😄

पॅचपॅनल :
काल नवीन कागद चिकटवून आलो. व्हीलॅनचा नंबर आणि सबनेटचा तिसरा आकडा मी एकच ठेवतो, म्हणजे एक पाठ केला की दुसरा आलाच. डबे असे केले (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे डब्यातल्या सगळ्यांचे सारखे) :

हजेरी मशीन – व्हीलॅन १० – १९२.१६८.१०.०/२४
ऑफिस व बिल प्रिंटर – व्हीलॅन २० – १९२.१६८.२०.०/२४
कॅमेरे – व्हीलॅन ३० – १९२.१६८.३०.०/२४
पाहुणे वायफाय – व्हीलॅन ४० – १९२.१६८.४०.०/२४

प्रत्येक डब्याला वेगळा रंग, त्याच रंगाची चिकटपट्टी स्विचच्या पोर्टांवर. काकांना समोर उभं करून वाचायला लावलं. पहिले तीन फटाफट सांगितले, चौथ्यावर थांबले. म्हणाले, ‘मालकाचे मेव्हणे ह्यात का? पाहुणेच हायत की ते. पण बसतात तर बिलाच्या कंप्यूटरवर.’ गेस्टचं पाहुणे करताना हे डोक्यातच आलं नव्हतं, आपल्याकडं पाहुणे म्हणजे सोयरे. माल बघायला आलेला व्यापारी कुठला पाहुणा! तिथंच पेनानं खोडून ‘गिऱ्हाईक वायफाय’ केलं, प्रिंट उद्या बदलतो.