मदत हवी आहे: टोपणनावाने लिहिते, ब्लॉगरांच्या संमेलनाला कुठल्या नावाने जाऊ?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी २०११ पासून टोपणनावाने ब्लॉग लिहिते. घरी माहीत आहे, ऑफिसात नाही. आणि नाही तेच बरं, कारण निम्मे किस्से तिथूनच येतात. आता ब्लॉग आणि सोशल मीडियावर लिहिणाऱ्यांनी आपसात मिळून दोन दिवसांचं संमेलन ठरवलंय. मागे कुठली कंपनी नाही, इव्हेंटवाले नाहीत, सगळं हौशी मंडळीच बघतायत. ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं कमेंटींमध्ये भांडले ते बरेच जण येणार आहेत. एकदा समोरासमोर बघायचंय त्यांना. म्हणून रात्री अकरा वाजता उत्साहाच्या भरात फॉर्म भरायला घेतला आणि तिसऱ्याच रकान्यावर अडकले: 'बॅजवर छापायचं नाव'. तीन दिवस झाले, टॅब तसाच उघडा आहे.

खरं नाव लिहिलं तर तिथे मला कुत्रंही विचारणार नाही. टोपणनाव लिहिलं तर ते गळ्यात अडकवून दोन दिवस हिंडायचं, आणि चेहरा काही टोपण नाही.

उगाच घाबरतेय असं वाटेल, म्हणून मागचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा ब्लॉगर भेटलो होतो. एकीने ग्रुप फोटो टाकला, सगळ्यांना टॅग केलं, अगदी प्रेमाने. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला, "ही तूच ना?" फोटोत मी कडेला, अर्धी खांबाआड. पण चष्म्याची हिरवी फ्रेम तीच, जी मी त्या क्षणी नाकावर घेऊन बसले होते. "मावसबहीण आहे, दोघींनी एकाच दुकानातून घेतल्या," असं काहीतरी बरळले. त्याला पटलं की त्याने दया दाखवली, अजून कळलेलं नाही.

दुसरी अडचण. या संमेलनाचं वेळापत्रक आधी ठरलेलंच नसतं म्हणे. सकाळी एका फळ्यावर खोल्या आणि वेळांचे रिकामे चौकोन असतात, ज्याला बोलायचंय त्याने विषयाची चिठ्ठी नेऊन चिकटवायची. हे बारकॅम्पवरून, म्हणजे येणाऱ्यांनीच विषय ठरवून बोलायच्या हौशी संमेलनांवरून, घेतलंय असं कळलं. त्या बारकॅम्पच्या नियमांत तर पहिल्यांदा येणाऱ्याने बोललंच पाहिजे असंही आहे! मला विषय सुचलाय. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर (वेगवेगळ्या ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एकाच जागी वाचायची सोय) बंद झालं आणि माझे निम्मे वाचक जणू रातोरात नाहीसे झाले. ते कुठे गेले, त्यातले कोण कसे परत आले, यावर वीस मिनिटं बोलू शकेन. पण त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप जोडून स्वतःचा ब्लॉग पडद्यावर दाखवावा लागणार.

कुणी असं टोपणनावाने जाऊन आलंय का? नावाचं, फोटोंचं, बोलण्याचं तुम्ही काय केलंत? 'जाऊच नका' हा सल्ला कृपया नको, तो मी स्वतःला रोज देतेय.

प्रतिसाद १

मी अशा दोन संमेलनांत नोंदणीच्या टेबलावर बसलोय, तेव्हा तिकडची बाजू सांगतो. बॅजवर बिनधास्त टोपणनाव लिहा. निम्म्या लोकांच्या गळ्यात तेच असतं आणि ओळख पटायला तेच लागतं. खरं नाव फक्त नोंदणीत असू द्या. पण आयोजकांना एक मेल टाकून विचारा, की ती यादी कोण कोण बघतं आणि 'कोण कोण येतंय' असं पान साइटवर लावणार आहेत का. हे पान फार लोक विसरतात.

फोटोंसाठी बऱ्याच ठिकाणी बॅजच्या फितीचे रंग वेगळे ठेवतात, एक रंग म्हणजे 'माझा फोटो नको'. तुमच्याकडे ठरलं नसेल तर आत्ताच सुचवा, आदल्या दिवशी नको. सगळे आपापली नोकरी सांभाळून हे करतायत, ऐनवेळी फिती कोण आणणार? आणि खरं सांगू, फीत ही विनंती आहे, भिंत नव्हे. थेट प्रक्षेपण असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या रांगेत बसा. तुमच्या सत्राचं चित्रीकरण नको असेल तर तसं चिठ्ठीवरच लिहा.

पण फोटोंपेक्षा घात करतो तो लॅपटॉप. एकाचं टोपणनावाने छान चाललं होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात नोटिफिकेशन उगवलं: अमुक सर, हजेरीपत्रक राहिलंय. अख्ख्या खोलीने आडनाव वाचलं. लॅपटॉपवर वेगळं यूजर खातं उघडा आणि ब्राउझरमध्ये कुठेही लॉगिन न करता ब्लॉग दाखवा. नाहीतर सरळ पीडीएफ करून न्या, पण तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून कोणाचं नाव आहे ते आधी बघा. फोनचं नावही बघा. हॉटस्पॉट किंवा ब्लूटूथ चालू केलं की ते आजूबाजूच्यांना दिसू शकतं. ब्लॉग वर्डप्रेसवर असेल तर तुमच्या लेखक-पानाचा पत्ता तपासा, तिथे कधी कधी लॉगिनचं नाव डोकावत असतं.

प्रतिसाद २

अगं, ऑफिसात सांगूनच टाक ना एकदाचं. मी सांगितलं, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जरा वाईटच वाटलं.

बोलण्याचं म्हणशील तर एक लक्षात ठेव. अशा ठिकाणी हॅरिसन ओवेनच्या ओपन स्पेसमधला (तीही अशीच, विषय आयत्या वेळी ठरवायची सभा भरवण्याची पद्धत) 'दोन पायांचा नियम' चालतो. आपल्याला काही मिळत नाही आणि आपणही काही देत नाही असं वाटलं, की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. पहिल्यांदा माझ्या सत्रातून चौघं उठून गेली तेव्हा मी रडवेली झाले होते. नंतर कळलं, शेजारच्या खोलीत पॉडकास्टवर गप्पा रंगल्या होत्या. उरलेल्या सात जणांशी जे बोलणं झालं त्यातून पुढच्या चार पोस्ट निघाल्या.

प्रतिसाद ३

टॅगिंगला घाबरता आहात म्हणून गंमत सांगतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर क्रिस मेसिनाने हॅशटॅगची कल्पना मांडली, तेव्हा उदाहरण म्हणून त्याने बारकॅम्पच घेतलं होतं. हा मनुष्य स्वतः बारकॅम्प सुरू करणाऱ्यांपैकी. म्हणजे तुम्ही थेट वाघाच्या गुहेत निघालात. संमेलनाच्या हॅशटॅगवर त्या रात्रीच एक नजर टाका. नको तो फोटो सापडला की लगेच निरोप धाडायचा. दोन दिवसांनी काढून उपयोग नसतो, तोवर चार जणांनी पुढे पाठवलेला असतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ वाचून लगेच झाडाझडती घेतली. फोनचं नाव निघालं माझं पूर्ण नाव, आडनावासकट, पुढे 'चा फोन'. आणि लेखक-पानाच्या पत्त्यात माझं ऑफिसातलं संक्षिप्त नाव गेली कितीतरी वर्षं उघड्यावर बसलंय! आणि मी खांबाआड लपत होते.

ऑफिसात सांगणं जमणार नाही गं. तुझ्या किस्स्यांत तुझे साहेब नसतील, माझ्यात आहेत.

फॉर्म पाठवला, टोपणनावानेच. फितींबद्दल मेल टाकली, तासाभरात उत्तर आलं: "कल्पना चांगली आहे, फिती तुम्हीच बघाल का?" तर आता मी स्वयंसेवकही आहे. राहता राहिला चष्मा. जुनी काळी फ्रेम सापडली, पण तिच्यात नंबर जुना आहे आणि फळ्यावरच्या चिठ्ठ्या तर लांबून वाचायच्या आहेत.