मदत हवी आहे: उत्तर वेई समाधिलेखाची रेघ वळणावर फाटते

शाईघर: दोन महिने मी चीनच्या उत्तर वेई राजवटीच्या काळातल्या समाधिलेखाची (समाधीत ठेवलेल्या कोरीव शिळेवरच्या लेखाची) अक्षरे ब्रशने गिरवत आहे. आडव्या रेघेची सुरुवात दगडात कोरल्यासारखी काटकोनी येते, परंतु रेघ उजवीकडून खाली वळते तिथे फाटते आणि आत पांढरी चीर राहते. रविवारी काम दाखवायचे आहे. कृपया नेमका उपाय सांगावा.

नीलकमळ: कोणता लेख? इ.स. ४९४ मध्ये राजधानी लुओयांगला हलल्यानंतरचे असे अनेक लेख तिथल्या मांगशान टेकड्यांत सापडले आहेत, आणि त्यांचे वळण एकसारखे नाही. ब्रश कोणता आहे?

शाईघर: इ.स. ५३१ चा, झांग हेइन्यू यांच्या समाधीचा. छापील पुस्तकावरून.

टाकीचा घाव: आपण कुंचल्याचे नव्हे, टाकीचे अनुकरण करत आहात. दगडावर आधी हिंगुळाने, म्हणजे लाल रंगाने, अक्षरे लिहीत आणि मग कारागीर ती कोरत असे. वायव्य चीनमधल्या तुर्फानजवळच्या काओचांग या जुन्या नगरातल्या समाधिविटा, म्हणजे समाधिलेख असलेल्या विटा, पाहा. त्यांतील काहींवर अक्षरे न कोरता नुसत्या रंगाने लिहिलेली आहेत आणि कुंचल्याचा मऊपणा तिथे स्पष्ट दिसतो.

नीलकमळ: हे मला अर्धेच पटते. या लेखाची मूळ शिळा हरवली आहे आणि छिंग राजवटीतले सुलेखनकार शाओजी (आडनाव ‘हे’) यांच्याकडे एकेकाळी असलेला, शिळेवरून कागदावर घेतलेला एकच ठसा उरला आहे, पण त्यात धारदार कोपरे आणि गोलाई शेजारीशेजारी नांदतात. सगळे टाकीने झाले असते, तर ही गोलाई उरली नसती.

जुनावाचक: ठसा घ्यायचा असल्यास ओला कागद दगडावर ठोकून बसवावा आणि थोडा वाळल्यावर शाईची गादी हलके थोपटावी. शाई खोबणीत उतरू देऊ नये.

शाईघर: ठसा मला घ्यायचा नाही. ब्रश पाट्या रंगवण्याचा, चपटा आहे. देवनागरीही मी त्यानेच लिहितो.

नीलकमळ: हे आधी सांगायला हवे होते. चपटा ब्रश बोरूसारखा चालतो, रेघेची जाडी धरण्याच्या कोनातून येते. वळणावर कोन बदलला की केस दुभंगतात. गोल, टोकदार ब्रश उभा धरा. सुरुवातीला टोक उलट दिशेने दाबून मग रेघ ओढा. कोपऱ्यावर थांबून टोक किंचित उचला, पुन्हा दाबा आणि खाली या.

टाकीचा घाव: वळण दोन रेघांत जोडले, तर चपट्यानेही जमते.

नीलकमळ: जमते, पण ते अक्षर रंगवणे झाले, लिहिणे नव्हे.

शाईघर: गोल ब्रशने ‘सूर्य’ अर्थाचे चौकटीसारखे चिनी अक्षर (日) वीस वेळा लिहिले. चीर गेली, पण आता सुरुवातीचे टोक बोथट येते. उलट दाब किती वेळ ठेवायचा?