कॅम फेजर बदला म्हणताहेत, नाशकात खात्रीचं गॅरेज सुचवा

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, इनटेकला व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा), सेकंडहॅन्ड घेतलेली आणि आधीच्या मालकाचं सर्व्हिस रेकॉर्ड मधेमधे गायब. रनिंग ९० हजारावर. सकाळी सेल्फ मारला की पुढनं एक-दोन सेकंद खर्रर्र आवाज येतो नि मग गप्प, थंडी पडल्यापासून जरा जास्तच. त्यात आता चेक लाइट लागलाय, कोड पी००११, सिग्नलला थांबलं की आरपीएम खालीवर नाचतो, अ‍ॅव्हरेज पण पडलंय. एका वर्कशॉपला दाखवली तर त्यांनी बॉनेट उघडून नुसता आवाज ऐकला आणि कॅम फेजर (त्या व्हीव्हीटीचा कॅमवरचा गिअर) गेला, टायमिंग चेन किटसकट बदला म्हणून लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. घराजवळचे मिस्त्री म्हणतात काही नाही हो, जाड ऑइल टाकू, आवाज बंद. आता कोणाचं ऐकायचं? आणि बदलायचाच असेल तर कंपनीत की बाहेर, अंबड-सातपूर-द्वारका कुठेही चालेल. मुंबईला जाणंयेणं असतं, कसारा घाटात गाडी रुसायला नको.

घाटातला
जाड ऑइल अजिबात नको!! फेजर ऑइलच्या प्रेशरवरच फिरतो, बारीक भोकांतून ऑइल जातं त्यात. ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर आवाज दबेल कदाचित, पण थंडीत सकाळी ऑइल वर पोचायलाच उशीर, म्हणजे झीज अजून वाढली. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाका.

सिडकोचा भो
काय भो इतकं टेन्शन घेता, लिंक रोडला भंगारात बघा, सेम गाडीचा फेजर मिळून जाईल, पाव किमतीत काम.

घाटातला
@सिडकोचा भो तो बाजार २०१७ पासून महापालिका उठवतेय, आज गेलात तर दुकान तिथे असेल का ते आधी विचारा 😄 आणि बंपर, आरसा, सीट असलं भंगारातनं आणलं तर ठीक, फेजर नाही. त्याची आतली पिन किती झिजलीये हे बाहेरनं दिसतच नाही.

जुना फिटर
इंदिरानगरकर, सातपूरला एमआयडीसीत आयुष्य गेलं, आता घरीच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फेजर म्हणजे कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बसणारा गिअरच, आपल्याकडचे बरेच मिस्त्री त्याला व्हीव्हीटी पुली म्हणतात. आत पाती असतात, ऑइल एका बाजूने भरलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूने भरलं की मागे. इंजिन बंद असताना ऑइल उतरून जातं, तेव्हा पाती मोकळी आपटू नयेत म्हणून एक लॉक पिन असते. ती पिन किंवा तिचं भोक झिजलं की सेल्फ मारल्यावर ऑइल चढेपर्यंत खडखड होते, तुमचा आवाज तसाच वाटतोय. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला असेल तरी सकाळी थेट असाच आवाज येतो, म्हणून नुसत्या कानावर एस्टिमेट देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, मूठ कानाला, टोक हेडच्या वरच्या पुढच्या भागाला, मग खाली टायमिंग कव्हरला (पट्ट्यापासून हात आणि मफलर दोन्ही लांब). वर जोरात ऐकू आलं तर फेजर, खाली जोरात आणि रेस दिल्यावरही येत राहिलं तर चेनकडे बघा. चेन ताणली असेल तर बहुतेक वेळा पी००१६ (कॅम आणि क्रँकचा मेळ चुकल्याचा कोड) पण येतो, तो आलाय का?

टॉर्कवाली
जुना फिटर काकांना +१. पण त्याच्याही आधी दोन स्वस्त गोष्टी. एक, ऑइल फिल्टर कुठला लावलाय? चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली उतरू नये म्हणून रबरी व्हॉल्व्ह असतो, डुप्लिकेटमध्ये तो नावापुरता असतो, मग रात्रभरात सगळं ऑइल उतरतं आणि सकाळी खर्रर्र. दुसरं म्हणजे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. हा सोलेनॉइड हेडवर बसतो, बऱ्याच गाड्यांत एकाच बोल्टवर निघतो. त्याच्या जाळीत काळा गाळ अडकला की व्हॉल्व्ह पुढच्याच बाजूला चिकटून राहतो, आणि पी००११ म्हणजे कॅम हवा त्यापेक्षा पुढे गेलाय, इतकंच. कोडमध्ये कुठेही फेजर बदला असं लिहिलेलं नसतं! मीटरने रेझिस्टन्सही तपासा, पुष्कळ गाड्यांत ७ ते १२ ओहमच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधनं घ्या. माझ्या भावाच्या गाडीला सेम कोड होता, जाळी साफ केली, ऑइल-फिल्टर बदललं, लाइट गेला तो परत आला नाही.

इंदिरानगरकर
टॉर्कवाली ताई, काका, धन्यवाद दोघांनाही. पी००१६ नाहीये. व्हॉल्व्ह काढला, जाळीत गाळ होता चिकार, साफ केला, फिल्टर ओरिजिनल लावला, ऑइल बदललं. आवाज थोडा कमी झाला पण आहेच. मित्राच्या लाइव्ह डेटावाल्या स्कॅनरवर बघितलं तर गाडी थंड असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला कॅमचा मागितलेला अँगल शून्य आणि खरा १५ ते १८ च्या मधे लटकलेला. कोड पुसला तरी परत येतो.

जुना फिटर
हां, आता बोलता येईल. एकच चाचणी बाकी आहे, चांगला चालणारा व्हॉल्व्ह लावून बघा आणि ऑइल प्रेशर गेजने मोजून घ्या. प्रेशर बरोबर, व्हॉल्व्ह बरोबर, आणि तरी कॅम परत येत नसेल तर फेजर गेला म्हणायला माझी हरकत नाही. मग मात्र चेन, टेन्शनर, गाइड सगळं एकदमच बदला. टायमिंग कव्हर उघडायची मजुरीच मोठी असते, ९० हजार चाललेली चेन परत आत घालून कव्हर बंद करणं म्हणजे तेच पैसे पुन्हा भरायची तयारी.

इंदिरानगरकर
व्हॉल्व्ह नवीन घातला, फरक नाही. प्रेशर ठीक आलं. म्हणजे बदलायचंच. कंपनीत की बाहेर?

टॉर्कवाली
माझं मत बाहेर, पण निवडून. गॅरेजमध्ये गेल्यावर रेट नंतर विचारा, आधी कॅम लॉक करायचं टूल आहे का विचारा. आहे म्हणाले तर दाखवा म्हणा. ज्याच्याकडे ते नाही तो चेन धरून इम्पॅक्ट गनने फेजरचा बोल्ट सोडवणार, तसं केलं की सगळा मार लॉक पिनवर जातो, म्हणजे नवा फेजर पहिल्याच दिवशी जखमी. कॅमवर पाना बसायला सहा बाजूंचा भाग असतो तिथे धरायचं आणि बोल्ट हाताने सोडवायचा. बसवताना टॉर्क रेंच, आणि कंपनीने टॉर्क अधिक डिग्री असं सांगितलेलं असेल तर बोल्ट नवाच, तो एकदाच ताणायचा असतो.

जुना फिटर
अगदी बरोबर. आणखी थोडं. फेजर खोलून "रिपेअर" करतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. गिअरवरच्या खुणा जुळल्या पाहिजेत, चेनच्या रंगीत कड्या लगेच जुळणार नाहीत, तेव्हा त्यावरून मिस्त्रीशी भांडू नका. टायमिंग चुकलं आणि तुमचं इंजिन व्हॉल्व्ह-पिस्टन भिडणाऱ्यातलं असलं तर हेडचं काम वेगळं निघेल. कव्हरला सीलंट बेताचा, आत लोंबलेला तुकडा सुटून ऑइलच्या गाळणीत जातो. आणि आत इतका गाळ निघाला म्हणताय तर नवं ऑइल हजार-दीड हजार किलोमीटरलाच परत बदला, ते पैसे वाचवू नका.

सिडकोचा भो
भारी माहिती भो, आपण डिझेलवाले सुखी 😎

घाटातला
@सिडकोचा भो इंजेक्टरचं बिल येऊ दे, मग विचारतो 😂
@इंदिरानगरकर पार्ट ऑनलाइन घेणार असाल तर पार्ट नंबर व्हीआयएन (चासी नंबर) टाकून काढा, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फेजर बदललेला असतो. मी तर कंपनीच्या काउंटरवरून बिलासकट घ्या म्हणेन.

इंदिरानगरकर
अंबडला एक गॅरेज बघितलं, लॉकिंग टूल दाखवलं त्यांनी, बोल्ट नवीनच घालणार म्हणाले, पार्ट मी आणून दिले तरी चालतील म्हणाले. फक्त मजुरीवर वॉरंटी तोंडी देतात, लिहून नाही. द्वारकेकडे कोणी लिहून देणारं आहे का?

टॉर्कवाली
आहे एक, इथे नाव नाही टाकत, व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघा. रविवारी बंद असतं आणि गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी लागते, कारण थंड इंजिनचा आवाज स्वतः ऐकल्याशिवाय ते काम घेतच नाहीत.