हॉलमध्ये ऑफिस टेबल
घरून काम करायला हॉलमध्ये टेबल कुठे लावायचं हे विचारलं की काही जण खिडकीला पाठ करून लावा म्हणतात, तसं नका करू हो, व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसतो आणि स्क्रीनवर उजेड चमकतो ते वेगळंच, त्यापेक्षा खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येऊदे. आणि टीव्हीच्या बाजूची भिंत तर नकोच, संध्याकाळी सिरियल लागणारच (आमच्याकडे तरी लागते). टेबल ६० सेंमी खोल, ७५ सेंमी उंच असलं की पुरतं. भिंतीतलं फोल्डिंग टेबल दिसायला भारी, पण मोठा मॉनिटर असेल तर रोज कोण उचलून ठेवणार? मुख्य म्हणजे रंगकाम व्हायच्या आधीच इलेक्ट्रिशियनकडून टेबलाच्या वर चार-पाच प्लग पॉइंट आणि राउटरची वायर काढून घ्या, नंतर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.